मुलांचे सोबती होऊ पाहणाऱ्या आजी-आजोबांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवगड तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांमधल्या काही मुलांबरोबर आठवड्यातून एकदा बसणाऱ्या म्हाताऱ्या मंडळींचा आमचा एक छोटा गट आहे. गटाला नाव नाही, पावतीपुस्तक नाही, कार्यालयही नाही. एसटी स्टँडवर, बाजारात, तेराव्याच्या जेवणाच्या पंगतीतसुद्धा लोक गाठून तेच तेच विचारतात, म्हणून एकदाचं लिहून काढलं. माझा जन्म पोस्टाच्या काउंटरमागे गेला, त्यामुळे उत्तरं कुठे तुटक वाटली तर चालवून घ्या.

म्हणजे तुम्ही फुकटची शिकवणी घेता का?

नाही. शिकवायला शाळेत बाई आणि गुरुजी आहेत. आमच्याकडे एक मोठं माणूस आणि एक मूल अशी जोडी असते. वार ठरलेला, वेळ ठरलेली, बसायचं तास-सव्वा तास. त्यात वाचन होतं, गणितं होतात, कधी नुसत्या गप्पा होतात. या मुलांच्या घरी मोठी माणसं नाहीत असं नाही, पण ती उजाडायच्या आत कामाला लागतात आणि दिवेलागणीला दमून येतात. आज शाळेत काय झालं, हे विचारायचं त्राण कोणात उरत नाही. आम्ही ते विचारतो, ऐकतो आणि पुढच्या आठवड्यात ते लक्षात ठेवून पुन्हा विचारतो. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा.

ही मुलं कोणाची? आपल्या गावात कोण एवढं वंचित आहे?

हा प्रश्न गावातलीच माणसं विचारतात, याचं मला अजून नवल वाटतं. हापूसच्या बागेत राखणीला असलेल्या नेपाळी कुटुंबाची मुलं घ्या. बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणीच्या झोपडीवजा घरात, त्यांचा संसार असतो, शेजार असा नसतोच. चिरेखाणीवर कर्नाटकातून आलेल्या कामगारांची मुलं आहेत. ती दिवाळीनंतर येतात, पाऊस तोंडावर आला की जातात. ट्रॉलरवरच्या खलाशांची मुलं आहेत. डोंगरावरच्या धनगरवाड्यातून तासभर चालत शाळेत येणारी आहेत. आणि आपल्याच वाडीतली आहेत: बाप दारूने गेलेली, आई मुंबईत घरकामाला आणि मूल मामाकडे, अशी.

जनगणनेचा आकडा सांगते. २००१ मध्ये सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. देशभर माणसं वाढत असताना आपल्याकडे कमी झाली. रत्नागिरीचंही तेच. तरुण मुंबई-पुण्याला गेले, मागे राहिली घरं, कुलपं आणि आपण. शेतातली, बागेतली, होडीवरची कामं करायला बाहेरून माणसं आली. आता हिशेब मांडा: इथे आजी-आजोबा आहेत आणि त्यांची नातवंडं डोंबिवलीला, त्या मुलांचे आजी-आजोबा नेपाळात, नाहीतर विजापूर-बागलकोटकडे. दोन्हीकडची रिकामी जागा एकाच पंचक्रोशीत आहे. आमचं सगळं काम या एका गोष्टीवर चाललंय.

माझं वय झालं. आता हे जमेल का?

«माका जमात काय?» हे विचारणाऱ्या माणसाला बहुतेक जमतं. «त्यात काय एवढं?» म्हणणाऱ्याची आम्हाला जास्त काळजी वाटते.

वयाचं म्हणाल तर मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांना आठवा. दापोली तालुक्यातलं मुरुड, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरचं. परीक्षेला बसायला हा मुलगा मुरुडाहून साताऱ्यापर्यंत चालत गेला होता, आणि अंगाने लहान दिसतो म्हणून त्याला बसू दिलं नाही. महिला विद्यापीठाची त्यांची कीर्ती सगळ्यांना ठाऊक असते. पण १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तरीच्या घरात, त्यांनी शाळा नसलेल्या खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ सुरू केलं. आम्ही तुमच्याकडे मंडळ मागत नाही, आठवड्याचा एक तास मागतोय.

व्यवहाराच्या अटी दोनच आहेत. शाळेपर्यंत स्वतःच्या पायाने किंवा गाडीने सुरक्षित पोचता आलं पाहिजे, आणि मुलाचं हळू बोलणं ऐकू आलं पाहिजे. कानाचं यंत्र असेल तर लावून या. ते पेटीत ठेवून येणारे आमच्याकडे आहेत.

मी चौथीपर्यंतच शिकले. मी काय देणार?

याचं उत्तर जरा लांब आहे, कारण आमचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच होता. सुरुवातीला आम्ही निवृत्त शिक्षक शोधत होतो. मग एक जाळं विणणारे आजोबा आले. तिसरी-चौथी शिकलेले, वय पंचाहत्तरीच्या पुढे. त्यांची जोडी पडली सातवीतल्या एका मुलाशी, जो अपूर्णांक म्हटलं की वही मिटायचा.

आजोबांनी वही काढलीच नाही. त्यांनी त्याला भरतीची वेळ काढायला शिकवली. आपल्याकडचे जुने लोक तिथीला पाऊणपट करून पूर्ण भरतीची अंदाजे वेळ सांगतात. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता भरती. पंचमीला पावणेचार. सप्तमीला सव्वापाच. अष्टमीला सहा. आजोबांना पाऊणकी, म्हणजे पाऊणपटीचा पाढा, तोंडपाठ; त्यांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी छडीच्या जोरावर पाठ करावी लागली होती. मुलाला वाटलं ही काहीतरी जादू. त्याने कालनिर्णयात तिथी बघून वेळ काढली आणि संध्याकाळी पुळणीवर जाऊन पडताळली. थोडा फरक पडला. का पडला, यावरून पुढचे दोन आठवडे निघाले. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, मग पंधरवड्यात किती पुढे सरकते, उधाण (मोठी भरती) कधी, भांग (लहान भरती) कधी. आता पाऊण म्हणजे तीन छेद चार, हे त्याला कोणी वेगळं सांगावं लागत नाही.

आंब्याची अढी लावणं, आमसुलं सुकवणं, सुंभ वळणं, दशावतारातली सोंगं, बियाण्याची निवड, घरातली जुनी पत्रं वाचून दाखवणं, यातलं काहीही चालतं. मुलाला तुमच्या हाताला काही येतं हे दिसायला हवं. तुमची पदवी त्याला दिसत नाही.

किती दिवसांची बांधिलकी?

किमान एक शालेय वर्ष. यात सवलत नाही, आणि लोक नेमके इथेच रागावतात.

कारण सांगते. अमेरिकेत मुलं आणि प्रौढ सोबती यांच्या जोड्या लावण्याचं काम फार जुनं आहे आणि त्यांनी त्याचा नीट अभ्यासही केलाय. २००२ मध्ये ग्रॉसमन आणि ऱ्होड्स या दोन संशोधिकांनी मांडलं की वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांत मुलांचा फायदा सगळ्यात जास्त झाला. तीन महिन्यांच्या आत मोडलेल्या जोड्यांत मात्र मुलांचा स्वतःवरचा विश्वास आधीपेक्षा कमी झाला. म्हणजे अर्ध्यावर सोडणारा सोबती हा नसलेल्या सोबत्यापेक्षा वाईट. ज्या मुलाला आधीच कोणीतरी सोडून गेलंय, त्याला आपण आणखी एक माणूस जाताना दाखवतो.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. पहिल्याच वर्षी एका लग्नाच्या गडबडीत मी माझा बुधवार चुकवला आणि शाळेत निरोप द्यायचा राहिला. पुढच्या बुधवारी बाई म्हणाल्या, पोर शाळा सुटल्यावर पायरीवर बसून होती, वस्तीची गाडी येईपर्यंत. तिने मला काहीच विचारलं नाही. त्यानंतर दीड महिना ती माझ्याशी फक्त «हो» आणि «नाय» एवढंच बोलली.

आजारपण येतं, मुलीचं बाळंतपण येतं, मुंबईला जावं लागतं. जा. पण आधी सांगून जा, मुलाला स्वतः सांगा, आणि परत कधी येणार तो वार सांगा. गणपतीत आणि शिमग्यात आम्ही सगळेच सुट्टी घेतो. चाकरमानी घरात असताना कोणी शाळेत जाईल ही अपेक्षा आमचीही नाही.

पावसाळ्यात काय?

साकवावरून (ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून) पाणी जात असेल तर यायचं नाही. शाळेला फोन करायचा, बाई मुलाला निरोप देतात. वीज जाणारच, त्यामुळे खिडकीजवळची जागा धरा.

मुलाला मराठी नीट येत नाही, मला नेपाळी-कानडी येत नाही. मग?

मुलं आपल्यापेक्षा हुशार असतात. खेळता खेळता ती वर्षभरात मालवणी उचलतात. अडचण पुढे येते: पुस्तकातली मराठी ही त्यांची तिसरी भाषा. खरं तर आपल्या पोरांचीही ती दुसरीच आहे. घरात «खंय» आणि पुस्तकात «कुठे». म्हणून आधी त्याच्या बोलीत गोष्ट सांगू दे, मग ती पुस्तकी मराठीत लिहू. चुका लगेच सुधारू नका. आणि त्याच्याकडून त्याच्या भाषेतले शब्द शिका. आमच्या एका काकींना आता नेपाळीत वीसपर्यंत मोजता येतं, आणि त्यांची शिष्या त्यांचा उच्चार ऐकून पोट धरून हसते. शिकवणाराही चुकतो, हे मुलाला दिसलं की निम्मी भीती जाते.

वाचनाची पायरी कळण्यासाठी आम्ही मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या «असर» सर्वेक्षणातली साधी रीत वापरतो: अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद, मग गोष्ट. मूल कुठे अडखळतं ते बघायचं आणि तिथून सुरू करायचं, इयत्ता कोणतीही असो. सहावीतलं मूल शब्दावर अडलं तर शब्दापासून. तोंडावर आश्चर्य दाखवायचं नाही.

भेट कुठे होते? मुलाला माझ्या घरी बोलावू का?

नाही. शाळेची पडवी, वाचनालय, अंगणवाडीचा ओटा, म्हणजे येता-जाता चार माणसांना दिसेल अशीच जागा. बंद खोलीत एकट्याने बसायचं नाही. एकट्या मुलाला स्कूटरवर मागे बसवून सोडायचं नाही, पाऊस असला तरी. देवळाचा सभामंडपही आम्ही टाळतो, कारण सगळ्याच घरांतली मुलं तिथे मोकळी बसतील असं नाही.

सुरू करण्याआधी तुमची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते, शाळा व्यवस्थापन समितीला कळवलं जातं आणि पालकांची लेखी संमती घेतली जाते. पालकांना लिहिता येत नसेल तर त्यांच्या भाषेत समजावून मग अंगठा. «आम्हाला गावात चाळीस वर्षं ओळखतात, आमची कसली पडताळणी?» असं म्हणून एक सद्गृहस्थ उठून गेले. जाऊ दिलं. ओळखीचा माणूस म्हणून कोणालाही सूट द्यायची नाही, कारण मुलांना त्रास देणारे बहुतेक वेळा ओळखीचेच निघतात.

मुलांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचे नाहीत. वाढदिवसाचेही नाहीत. यावरून आमच्यात एकदा मोठी खडाजंगी झाली, नियम मात्र टिकला.

मुलाने काही वाईट सांगितलं तर?

ऐका. मध्येच प्रश्नांची सरबत्ती करू नका. «कोणाला सांगणार नाही» असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. म्हणा, «सांगितलंस ते बरं केलंस. आता आपण मदत करणाऱ्या माणसांना सांगू.» घरी गेल्यावर मुलाचे शब्द आठवतील तसे लिहून ठेवा.

लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. माहीत असून गप्प बसणं हाच गुन्हा ठरतो. गावकीत मिटवू, दोन्ही घरांची अब्रू आहे, असं सांगायला माणसं येतात. त्यांना चहा द्या आणि तक्रार करा. मारहाण, उपासमार, लग्नाची घाई, बालमजुरी यासाठी चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक आहे, चोवीस तास आणि मोफत. जिल्ह्याची बाल कल्याण समितीही आहे. स्वतः चौकशी करत घरात घुसू नका. त्याचा भोग मुलाला भोगावा लागतो.

कपडे, दप्तर, पैसे दिले तर चालेल का?

पैसे अजिबात नाहीत. वस्तू द्यायच्या असतील तर शाळेकडे द्या, शाळा ज्याला गरज आहे त्याला देईल. तुम्ही हाताने दिलंत की नातं त्या दिवसापासून बदलतं: मूल तुमच्या पिशवीकडे बघायला लागतं आणि त्याच्या बापाची मान खाली जाते. खाऊ न्यायचा असेल तर दोघांनी मिळून खायचा. दोन काकड्या, मीठ. एवढं पुरतं.

मग गरिबीचं काय? नुसत्या गप्पांनी पोट भरतं का?

भरत नाही. पण कोणत्या दारावर थाप मारायची हे त्या घराला माहीत नसतं, आणि आपण तर आयुष्यभर सरकारी कागद भरत आलोय. इथे निवृत्त कारकुनांचा खरा उपयोग होतो.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याप्रमाणे ६ ते १४ वयाच्या मुलाला जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि त्याच्या वयाच्या वर्गात बसवावं लागतं. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, हेही कारण चालत नाही. खाणीवरच्या मुलांसाठी ही दोन वाक्यं म्हणजे सोनं आहे. आठवीत एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा असते. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या, सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. पाचवीत नवोदय या सरकारी निवासी शाळेची प्रवेश परीक्षा. आपल्या जिल्ह्याचं नवोदय सांगेलीला आहे. आई किंवा वडील गेलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. उत्पन्नाचा दाखला, आधार, बँक खातं ही तीन कुलपं बहुतेक ठिकाणी आडवी येतात. सोबत्याने पालकांबरोबर तहसील कार्यालयात रांगेत उभं राहावं. पालकांऐवजी नव्हे, बरोबर. पुढच्या खेपेला त्यांना एकट्याने जाता आलं पाहिजे.

मूल मध्येच गाव सोडून गेलं तर?

जातं. चिरेखाण बंद झाली की एका रात्रीत टेम्पो भरतो आणि सकाळी वर्गातली दोन बाकं रिकामी. काही ऑक्टोबर-नोव्हेंबरात परत येतात, काही कधीच नाही. या दुःखाची तयारी ठेवा. मे महिन्याच्या आधीच आम्ही प्रत्येक अशा मुलाला एक वही देतो. त्यात त्याने वर्षभरात वाचलेली पुस्तकं, त्याच्या शाळेचं नाव, पत्ता आणि शाळेचा फोन नंबर असतो, म्हणजे पुढच्या शाळेला दाखवता येईल. आणि पत्ता लिहिलेली चार पोस्टकार्डं. हा माझा हट्ट. तीन वर्षांत एकच कार्ड परत आलं, बागलकोटच्या शिक्क्याचं. त्यावर कानडी अक्षरांत काहीतरी आणि खाली मराठीत फक्त स्वतःचं नाव होतं.

मूल बोलतच नाही, काय करू?

तुम्हीही बोलू नका. शेंगा सोला, चित्र काढा, दोरीला गाठी मारा. हात कामात असले की तोंड उघडतं. दोन महिने लागले तरी काही बिघडत नाही.

मला यातून काय मिळणार?

मानधन नाही, प्रमाणपत्र नाही, शाल-श्रीफळ तर नाहीच. एसटीला ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीनंतर फुकट, ते सरकारचं. आमचं त्यात काही नाही.

पण अमेरिकेत बाल्टिमोर शहरात ६० ते ८६ वयाच्या १२८ माणसांबरोबर एक छोटी चाचणी झाली होती. निम्म्यांच्या आसपास माणसांना आठवड्याला १५ तास प्राथमिक शाळांत मदतीला पाठवलं, बाकीच्यांना थांबायला सांगितलं. २००४ मध्ये निष्कर्ष छापून आले. शाळेत जाणाऱ्यांची हालचाल वाढली, चालण्याचा वेग इतरांपेक्षा कमी घटला, आणि अडीअडचणीला हाक मारता येतील अशी माणसं वाढली. मला यातलं शेवटचं पटतं. नवरा गेल्यावर माझ्या दारात आठवड्याला दोनच माणसं यायची, दूधवाला आणि लाइटबिलवाला. आता बाजारात कुठूनही «आजी गे!» अशी हाक येते.

मी मुंबईत असतो. फोनवरून करता येईल?

येतं, पण आधी प्रत्यक्ष ओळख व्हायला हवी. २००९ च्या सुमारास प्रा. सुगत मित्र यांच्या आवाहनावरून ब्रिटनमधली मंडळी, त्यात बरीच निवृत्त, स्काइपवरून भारतातल्या मुलांशी बोलू लागली. त्याला «ग्रॅनी क्लाउड» असं नाव पडलं. गोष्टी वाचायच्या, प्रश्न विचारायचे आणि आजी करते तसं कौतुक करायचं. कल्पना छान आहे. आमच्याकडे गाडी अडते ती रेंजवर. म्हणून आम्ही चाकरमान्यांना सांगतो: गणपतीत या, शाळेत जाऊन मुलाला भेटा, मग फोन शाळेच्याच फोनवर, बाई समोर असताना. तुमचा खासगी नंबर मुलाला नको, त्याचा तुम्हाला नको.

पहिल्या भेटीला काय घेऊन येऊ?

एक कोरी वही, मोठ्या अक्षरांचं एखादं गोष्टीचं पुस्तक आणि तुमचा चष्मा. मुलाला आधी त्याचं नाव नीट विचारा आणि ते तो म्हणतो तसंच म्हणा. बागेतल्या पोरांना सरसकट «ए बहादूर» म्हणायची आपल्याकडची सवय उंबऱ्याबाहेर ठेवा. तुम्हाला काय म्हणायचं ते त्याला ठरवू द्या. घरचं, बापाच्या पगाराचं, आईचं पहिल्या दिवशी काही विचारू नका. उठताना पुढचा वार आणि वेळ त्याच्याच हाताने वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. पेन्सिली दोन आणा. एकीचं टोक पहिल्या पाच मिनिटांत मोडतं.